जिन्याखालचं मार्गदर्शन

सोमवार, ३ नोव्हेंबर
आज माझी खोली गेली. चोवीस वर्षं जपलेली गणिताची खोली! तक्ते, लाकडी कंपास, घनाकृती ठोकळे, सगळं स्टाफरूमच्या कपाटावर. मध्ये फळ्यांची भिंत घालून खोलीत आता एक समुपदेशक मॅडम आणि एक नर्सबाई बसणार. मुलांच्या मनाचं आणि तब्येतीचं बघायला. दारावर पाटी: 'मनातलं बोला.'
बोला काय बोला! वर्गात गप्प बसवता बसवता आमचा घसा बसला.
निश्चय : विरोध करणार. लेखी.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
मुख्याध्यापिकाबाईंना चार पानी निवेदन दिलं. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि चहा घेणार का विचारलं. घेतला. म्हणजे तत्त्वतः मान्य आहे, फक्त उघड बोलता येत नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. मधली सुट्टी
समुपदेशक मॅडम जेमतेम तिशीच्या. पोरांपेक्षा बुटक्या खुर्चीत बसतात. असा धाक कसा राहणार?
दार बंद होतं. शिस्तीचा भाग म्हणून बाहेर दोन मिनिटं उभा राहिलो. आतून कुणाचं तरी मुसमुसणं ऐकू येत होतं. मुलांना रडवायला पगार! तेवढ्यात शेजारच्या दारातून नर्सबाईंनी डोकं काढलं आणि विचारलं, 'सर, बीपी बघायचंय का?' म्हटलं, माझं बीपी माझ्या ताब्यात आहे. आणि तडक निघालो.

सोमवार, १० नोव्हेंबर
काट्याने काटा काढायचा. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत स्वतःचं मार्गदर्शन केंद्र सुरू केलं. एक टेबल, दोन खुर्च्या, एक रजिस्टर. नाव 'सरळ मार्ग'. रोज मधल्या सुट्टीत, मोफत. मुलं मला पाठीमागे 'काटकोन' म्हणतात हे मला ठाऊक आहे. ताठ कण्याचं कौतुक आहे ते. त्या नावाला जागणार.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
कुणी आलं नाही. मुलांना अजून माहीत नसेल. शिपायाकरवी वर्गावर्गात नोटीस फिरवली.

बुधवार, १२ नोव्हेंबर
एक आठवीतला आला! विचारलं, नर्सबाई कुठे बसतात. गुडघा फुटला होता. त्याला आधी जिन्यावरून पळण्याचे तोटे समजावले. रक्त मोज्यापर्यंत आलं तेव्हा सोडला.
रजिस्टरमध्ये नोंद : लाभार्थी १.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
खरी केस. दहावीतली एक मुलगी येऊन बसली. म्हणाली, 'सर, झोप लागत नाही.' मी क्षणात उपाय दिला : पहाटे चारला उठून वीस गणितं सोडवायची. ती म्हणाली, 'सर, चार वाजेपर्यंत मी जागीच असते.' म्हटलं, मग तर प्रश्नच मिटला, उठायचेही कष्ट नाहीत.
ती बघतच राहिली. प्रभावित झाली असावी.

सोमवार, १७ नोव्हेंबर
तीच मुलगी आज मॅडमच्या खोलीतून बाहेर पडताना दिसली. फितुरी. विचारलं तर म्हणाली, मॅडमनी आधी काही सांगितलंच नाही, नुसतं ऐकून घेतलं. ऐकायला काय, भिंतही ऐकते!

बुधवार, १९ नोव्हेंबर
नर्सबाईंनी नववी 'ब'चे डोळे तपासले. अकरा जणांना चष्मा लागला. त्यात शेवटच्या बाकावरचा तो एक. फळ्यावरचं नेहमी चुकीचं उतरवतो म्हणून तीन वर्षं मी त्याला 'ढ' म्हणत आलोय. नर्सबाई म्हणाल्या, त्याला फळाच दिसत नव्हता.
मग बोलायचं ना! तोंड शिवलं होतं का?
उद्यापासून अक्षर जरा मोठं काढणार. हा कबुलीजबाब नव्हे. सहज.

शनिवार, २२ नोव्हेंबर
पालकसभा. मैदान मारलं! मॅडम त्यांच्या कामाबद्दल बोलल्यावर मी माईक घेतला. म्हणालो, आमच्या पिढीला कुणी समुपदेशन केलं नाही, काही अडलं का? माझी स्वतःची मुलगी याच शाळेत नववीत आहे. घरात शिस्त आहे, संवाद आहे. तिला कधी लागली का ही खोली? विचारा तिला!
मुलगी मागे पालकांना कागद वाटत होती. तिच्या हातातला गठ्ठा खाली पडला. मॅडम मान खाली घालून वही बघत बसल्या. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, हे सगळ्यांना कळलं.
घरी मुलगी जेवलीच नाही, खोलीत जाऊन पडली. बापाचा एवढा अभिमान एकदम पेलत नाही. बायको म्हणाली, 'तुम्हाला काही म्हणजे काही कळत नाही.' बायकोला सभाशास्त्रातलं गम्य नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर
घटक चाचणी. नववी 'अ', पेपर माझा, पर्यवेक्षणही माझंच. पंचवीस मिनिटं झाली असतील, माझी मुलगी उभी राहिली. घामाघूम. श्वास भराभर चाललेला. मी म्हणालो, 'बस खाली, वेळ जातोय.' ती बसेना. मी पुन्हा म्हणालो.
शेजारची मुलगी मला न विचारता धावत गेली आणि नर्सबाई व मॅडमना घेऊन आली. मॅडमनी फक्त हात पुढे केला. माझ्या मुलीने तो घट्ट धरला आणि स्वतःच मोजायला लागली. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. न चुकता. सवयीचं होतं ते.
मी पुरवण्या हातात घेऊन उभा. एकतीस मुलं माझ्याकडे बघत होती.
नंतर मॅडमच्या खोलीत डोकावलो. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. कुणी न सांगता तिथे बसली होती.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
बायकोला सगळं ठाऊक होतं! संमतीपत्रावर सही तिची. एका पालकाची पुरते म्हणे. ६ तारखेपासून मुलगी तिथे जाते. ६ तारीख म्हणजे गुरुवार. मधली सुट्टी.
दाराबाहेर मीच उभा होतो.
बायको म्हणते, गणिताच्या पेपराआधी मुलीला वर्षभर उलट्या होतायत. मला वाटायचं, सकाळचं दूध बाधतं. दूध मीच बंद करवलं होतं. म्हणजे काळजी घेत नव्हतो असं कुणी म्हणू नये.
मुलीला विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, 'सांगितलं असतं तर तुम्ही समजावलं असतं.'
यावर मी तिला समजावणार होतो. बायकोने डोळे वटारले.

बुधवार, २६ नोव्हेंबर
मॅडमना जाब विचारायला गेलो. माझी मुलगी इथे काय बोलते ते बाप म्हणून मला कळलंच पाहिजे. मॅडम शांतपणे म्हणाल्या, 'ते तिचं आहे, सर. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. पण तुमचं काही असेल तर उद्या साडेतीनची वेळ मोकळी आहे.'
म्हटलं, माझं काही नाही.
परतताना नर्सबाईंनी हाताला पट्टा गुंडाळलाच. एकशे सत्तर, एकशे चार. मशीन बिघडलेलं. दुसरं आणायला लावलं. तेही बिघडलेलं. डॉक्टरांकडे आजच जा म्हणाल्या. गेलो. फक्त मशीनची खात्री करायला. गोळी सुरू केलीय.
'सरळ मार्ग' प्रशासकीय कारणास्तव बंद. एकूण लाभार्थी दोन.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
साडेतीनला त्या खोलीत गेलो. शाळेतला ज्येष्ठ शिक्षक म्हणून कामकाजाची तपासणी करणं माझं कर्तव्यच. वही-पेन घेऊन गेलो होतो.
मॅडमनी विचारलं, कसे आहात. म्हटलं, उत्तम. मग त्या काही बोलल्याच नाहीत. शांतता मला सहन होत नाही. वर्गात शांतता हवी असते, पण ती दुसऱ्यांची. म्हणून मीच बोललो. वडिलांविषयी. तेही गणिताचे शिक्षक. मला शंभरातले सत्त्याण्णव पडले तेव्हा उरलेले तीन कुठे गेले म्हणून दोन दिवस बोलले नव्हते. हे मी का सांगितलं, कळत नाही. मुद्द्याशी संबंध नव्हता.
वही कोरीच राहिली. डोळ्यांत खोलीतली धूळ गेली. नर्सबाईंनी मध्ये एकदा पाण्याचा ग्लास ठेवला आणि गेल्या.
मॅडम म्हणाल्या, वेळ संपली. घड्याळ पाहिलं तर चाळीस मिनिटं. म्हटलं, अहो, मी अजून सुरुवातच केली नाही.
पुढच्या गुरुवारची वेळ दिली त्यांनी. तपासणी एका फेरीत होत नसते.
बाहेर आलो तर बाकावर मुलगी. पुढची वेळ तिची होती. मी म्हणालो, 'तपासणीसाठी आलो होतो. जरा बघायला.'
ती दप्तर उचलून उठली. म्हणाली, 'हो बाबा. पहिल्यांदा मीपण असंच सांगितलं होतं.'