तांब्याच्या स्फटिकातले पट्टे

प्रति,
मा. संचालक,
अतिशीत पदार्थ संशोधन केंद्र,
विरार (पूर्व), ता. वसई, जि. ठाणे.

अर्जदार: कु. कार्मिन फर्डिनंड तुस्कानो, संशोधक विद्यार्थिनी, रा. आगाशी.

विषय: अतिवाहक स्फटिकातील विद्युतभाराच्या पट्ट्यांचे निरीक्षण अर्जदाराचे असल्याबाबत.
संदर्भ: चौकशी समितीचा तोंडी निर्णय.

महोदय,

१. अर्जदार आपल्या केंद्रात डॉ. उन्नती सामंत यांच्या मार्गदर्शनाखाली काम करते. तांब्याच्या ऑक्साइडचे काही स्फटिक अतिशय थंड केले की त्यांतून वीज विनाअडथळा वाहते. अशाच एका स्फटिकात विद्युतभार सगळीकडे सारखा न पसरता पट्ट्यापट्ट्यांनी रचला गेल्याची खूण गेल्या वर्षी क्ष-किरणांनी घेतलेल्या चित्रात अर्जदारास दिसली: ठळक ठिपक्यांशेजारी फिकट ठिपके. ती धावतच डॉ. सामंतांच्या खोलीत गेली. त्या तिला धाकट्या बहिणीसारखे वागवत, तीही त्यांना ताईच म्हणे. ताईंनी चित्र बराच वेळ न्याहाळले व म्हणाल्या, “स्फटिकाला तडा असेल गं. उगाच हसं करून घेशील.” त्यांच्याच सांगण्यावरून अर्जदाराने केंद्राच्या सभेत उभे राहून चूक कबूल केली व माफी मागितली.

२. पुढे पुण्याच्या परिषदेत ताईंनी तेच चित्र स्वतःचे म्हणून पडद्यावर दाखवले. शेवटी, नमुने पुसून ठेवल्याबद्दल अर्जदाराचे आभारही मानले. टाळ्या झाल्या. सवयीने अर्जदारानेही वाजवल्या, याची तिला अद्याप लाज वाटते.

३. अर्जदाराच्या तक्रारीवर नेमलेल्या समितीचे म्हणणे असे की, चूक अर्जदारानेच सर्वांसमक्ष कबूल केल्याने शोध तिचा असू शकत नाही. म्हणजे अर्जदाराने पाहिला तेव्हा तो तडा होता, ताईंनी पाहिल्यावर त्याचे पट्टे झाले. शिवाय मार्गदर्शक बदलण्याची तरतूद नसल्याने ताईंशी जुळवून घ्यावे, असा सल्ला मिळाला.

४. गेल्या रविवारी ताई आगाशीस घरी आल्या. अर्जदाराची आई श्रीमती लिडिया हिने त्यांना नेहमीप्रमाणे जेवायला बसवले. ताई म्हणाल्या, “मावशी, कार्मिन रुसलीय माझ्यावर.” अर्जदाराने तिथेच सगळे सांगून टाकले. ताई रडू लागल्या. आईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि लेकीला म्हणाली, “ताईची माफी माग.” अर्जदार ताटावरून उठली. तेव्हापासून मायलेकींत बोलणे नाही.

५. तरी मार्गदर्शक बदलता येत नसल्यास तसेच राहू द्यावे. शोधावर ताईंचे नावही राहावे. फक्त केंद्राच्या शिक्क्यानिशी, सोप्या मराठीत, आईच्या नावे दोन ओळी धाडाव्यात की ते पट्टे प्रथम कार्मिनने पाहिले. लेकीचा शब्द तिला पटत नाही, शिक्का पटेल.

एवढे तरी व्हावे.

अर्जदार,
(सही)
कार्मिन फर्डिनंड तुस्कानो
आगाशी, दि. २२ नोव्हेंबर १९९९

सोबत: आईचा पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट.