पाच वर्षं ज्याला यकृत म्हणत होते

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (लेखी असल्यामुळे पाठीला त्रास नाही.) तुमचा गुडघा, मामींचा रक्तदाब आणि चष्म्याचं दुकान, तिन्ही ठीक असतील असं धरून चालते. माझी तब्येत उत्तम आहे, वजन दीड किलोने वाढलंय आणि पीएचडी बहुधा बुडाली आहे. आईला यातलं फक्त वजन कळवा.

तरुणपणी ज्या प्रयोगशाळेत दोन वर्षं काढून तुम्ही एक दिवस अचानक चष्म्याच्या धंद्यात शिरलात, तिथेच, त्याच सरांच्या हाताखाली मी पाच वर्षं मानवी यकृताच्या पेशी वाढवते आहे. वाढवायच्या म्हणजे चपट्या प्लास्टिकच्या बाटल्यांत घालून उबदार कपाटात ठेवायच्या आणि दिवसाआड त्यांचं गुलाबी पोषणद्रव बदलायचं. रविवार नाही, आजारपण नाही. ताईच्या लग्नातून मी जेवणाआधी पळाले, ते पेशींना जेवायला घालायचं होतं म्हणून. ताई अजून माझ्याशी धड बोलत नाही, आणि तिच्या सासूबाईंच्या मते माझं बाहेर काहीतरी आहे. (होतं. पण त्याला सदतीस अंश तापमान लागायचं.) इतरांच्या यकृतपेशी म्हणजे नकचढ्या, जरा काही झालं की मान टाकणार. माझ्या मात्र तरारून वाढायच्या. सगळा विभाग म्हणायचा, हिच्या हाताला गुण आहे. मीही लाजल्यासारखं करून ते ऐकून घ्यायची. तीन प्रयोगशाळांनी माझ्याकडून पेशी मागून नेल्या आणि मी बाटल्या भरभरून दिल्या.

गेल्या महिन्यात शोधनिबंध छापायला पाठवला तर संपादकांनी कळवलं, पेशी कुणाच्या आहेत याची चाचणी करून दाखला जोडा. नुसती औपचारिकता, असं समजून मी नमुना पाठवून दिला. अहवाल दोन ओळींचा आला. मानवी नाही, माकडाच्या. यकृत नाही, मूत्रपिंड. म्हणजे माझ्या साडेतीनशे पानी प्रबंधातलं एकच विधान टिकलं, की त्या पेशी आहेत. मी अहवाल ड्रॉवरमध्ये ठेवला, हात धुतले आणि सवयीने बाटल्यांचं पोषणद्रव बदललं. माकडाच्या झाल्या तरी उपाशी कशा ठेवायच्या?

आता दोषी शोधणं आलं. शेजारच्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थी माकडाच्या मूत्रपिंडावर काम करतो. (आम्ही त्याला मर्कटराव म्हणतो, त्यालाही चालतं.) दुसऱ्या वर्षी आमचं पोषणद्रव संपलं होतं, तेव्हा वाटीभर साखर मागावी तशी मी त्याच्याकडून उघडलेली बाटली मागून आणली होती. त्यात त्याच्या चार पेशी पडलेल्या असणार. चार पुरतात, मामा. त्या दुप्पट वेगाने वाढतात आणि महिन्याभरात मूळच्यांना घराबाहेर काढतात. मी तावातावाने भांडायला गेले. त्याने हातातलं काम संपवलं, हातमोजे काढले आणि म्हणाला, "माझ्यावर कशाला घसरतेस? तुमच्या टाकीतली सगळ्यात जुनी कुपी काढ आणि ती तपास."

द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीच्या पार तळातून मी एकतीस वर्षांपूर्वीची कुपी काढली. हिच्यापासूनच पुढच्या सगळ्या बाटल्या निघाल्या आहेत. तिचाही अहवाल आला. माकड, मूत्रपिंड. माझी चूक नव्हती! मी व्हरांड्यात अक्षरशः नाचले. (तीनच पावलं. सफाईवाल्या बाईंनी पाहिलं आणि बादली बाजूला घेतली.) चौथ्या पावलाला डोक्यात प्रकाश पडला की मग सरांचं काय? सरांचं नाव याच पेशींवर झालं. अकरा जण त्यांच्यावर डॉक्टर झाले. सर पुढच्या महिन्यात निवृत्त होताहेत, सभागृह ठरलंय, आणि त्यांना द्यायच्या मानचिन्हावर आमच्याच पेशीचं चित्र कोरलंय, खाली सोनेरी अक्षरांत 'यकृत'.

तेव्हा दोन रस्ते आहेत. गप्प बसले, दाखल्याची मागणी न करणारं दुसरं नियतकालिक शोधलं, तर मी दोन महिन्यांत डॉक्टर आणि सर हारतुरे घेऊन सुखाने घरी. बोलले, तर माझी पाच वर्षं पाण्यात आणि त्यांची एकतीस. मर्कटराव म्हणतो, तुझं तू बघ. तो चांगला मुलगा आहे, पण सल्ला मागायला अगदीच निरुपयोगी.

मामींना नमस्कार, छोटीला पापा. कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहील अशी आशा.

तुमची भाची

ता. क. खरं काम राहिलंच. त्या कुपीवरच्या चिठ्ठीतलं अक्षर तुमचं आहे. सातला पोटात आडवी रेघ मारणारा आपल्या घरात दुसरा कोणी नाही. चिठ्ठीवरच्या तारखेनंतर नऊ दिवसांनी तुम्ही प्रयोगशाळा सोडलीत, हे मी विभागाच्या जुन्या हजेरीपुस्तकात पाहून आले. मला एवढंच लिहा, तुम्हाला माहीत होतं का? नकळत झालं असेल तर झालं, माणूस आहात. पण कळूनही तोंड मिटून निघून गेला असाल, तर मला तुमचा भयंकर राग आला आहे. आणि तो इतका का आला तेही मला कळतंय, कारण गेले तीन दिवस मीही तेच करायचं म्हणते आहे.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहून गेलं आणि आज मी सरांना सांगून आले. दोन्ही अहवाल आणि कुपी टेबलावर ठेवली. त्यांनी अहवाल दोनदा वाचले, चष्मा पुसला, चहा घेणार का विचारलं. घेतला. मग म्हणाले, संपादकांना, त्या तीन प्रयोगशाळांना आणि अकराही जणांना पत्रं ते स्वतः लिहितील. माझी दोन वर्षं तरी वाढतील, आणि निवृत्त झाले तरी ते रोज येतील. मी रडले नाही. (थोडी रडले.) कुपीवरचं अक्षर कुणाचं, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. मीच आगाऊपणा करून म्हटलं, "अक्षर काही ओळखू येत नाही, सर."

सर म्हणाले, "तुझ्या मामाचं आहे. बरा आहे ना तो?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय सांगू, ते कळवा.