अख्खी खारी

आये, काल आपली बेकरी पुन्हा उघडली. 'आपली' म्हटलं की तू रागवायचीस. मी प्राथमिक शाळेत असताना एकदा मैत्रिणींना घेऊन बेकरीच्या मागच्या दाराशी आले आणि ही आमची बेकरी, असं ऐटीत सांगितलं. तू मैद्याने माखलेल्या हातांनी तशीच बाहेर आलीस. मुली गेल्यावर मला म्हणालीस, "काम आपलं हाय. बेकरी त्यांची हाय. पुन्यांदा असं बोलू नगं." ओरडली असतीस तर मी विसरले असते. तरी आज मी आपलीच म्हणणार आहे, आता अडवायला कोणी नाही.

खर्ड्याकडचं आपलं गाव मला फारसं आठवत नाही. आठवते ती कोपरगावच्या बाजूला उसाच्या फडाच्या कडेची पाचटाची कोपी, आणि तिथे बाबांना साप चावला तेव्हा जमलेल्या माणसांचे पाय. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते. पुढचं मला मावशीने सांगितलं, तू कधीच बोलली नाहीस. दहावं झालं तसं मुकादम तोडीला चल म्हणून आला, तेव्हा तू कोयता त्याच्या पुढ्यात ठेवलास आणि मला घेऊन नगरची एसटी धरलीस. बेकरीच्या मालकीणबाईंनी, म्हणजे तुझ्या वैनींनी, तुला झाडलोटीला ठेवून घेतलं. मग तू टोस्ट पिशव्यांत भरायला लागलीस. खारीचा कारागीर गावी गेला तो परतलाच नाही, तेव्हा वैनींनी मालकांना सांगून तुला त्याच्या टेबलाशी उभं केलं. बाई भट्टीवर काम करते म्हणून गल्लीतली माणसं उगाच डोकावून जायची. शाळा सुटली की मी मैद्याच्या पोत्यावर येऊन बसते. तू लाटतेस, वर डालडा फासतेस, घडी घालतेस, फिरवून पुन्हा लाटतेस. भट्टीचं झाकण उघडलं की तुझा चेहरा लालबुंद होतो. तू माझ्याकडे बघत नाहीस, पण मी उठून गेले तर तुला कळतं.

नर्सिंगला माझा नंबर लागला तेव्हा तू कोणाकोणाला विचारत फिरलीस, की नर्सबाईला लागतं काय काय. कोणीतरी सांगितलं, सेकंद काटा असलेलं घड्याळ. त्या दिवाळीत लोक घरचा रवा, मैदा, तूप घेऊन नानकटाई भाजून घ्यायला रांगा लावत होते. तू सकाळचं काम संपवून संध्याकाळच्या पाळीलाही थांबत होतीस. भाऊबीजेच्या दिवशी मी घरी आले तर माझ्या उशीखाली घड्याळ होतं. मी मनगटावर बांधून दाखवलं. तू जवळ येऊन काटा फिरताना बघितलास आणि म्हणालीस, "लई घाई हाय याला."

मालक गेले आणि त्यांच्या मुलांत जागेवरून भांडण लागलं. बेकरीला कुलूप पडलं. तू घरी बसलीस. पहिले काही दिवस सकाळी अंघोळ करून, पदर खोचून दाराशी उभी राहायचीस आणि परत आत यायचीस. मग घरातले टॉवेल घेऊन बसायला लागलीस. टॉवेल पसरायचा, तळव्याने दाबायचा, घडी घालायची, फिरवायचा, पुन्हा दाबायचा. मी म्हटलं, आये, आता आराम कर. तू म्हणालीस, "करती की. हात ऐकत न्हाईत." त्याच हिवाळ्यात एका दुपारी मी ड्यूटीवरून आले तर तू खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजलेली होतीस. मी हाक मारली नाही. सवयीने मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघायला लागले. नाडी नव्हती, तरी सेकंद काट्याचा एक पूर्ण फेरा होऊ दिला. मग तुझे डोळे मिटवले, हनुवटीखालून पट्टी बांधली, मावशीला फोन केला. वॉर्डात करते ते सगळं नीट केलं. गावाकडून आलेल्या मामी मला छातीशी धरून म्हणत होत्या, रड गं, मोकळी हो. मी त्यांना पाणी विचारलं. नंतर चुलीपाशी त्या कोणाला तरी सांगताना मी ऐकलं, "दगड हाय पोरगी." मला राग आला नाही. मलाही तसंच वाटत होतं.

आता इतक्या वर्षांनी मालकांच्या नातीने बेकरी उघडली. ती पुण्यात केक-बिस्किटांचं शिकून आली आहे. चुलत्यांच्या हातापाया पडून तिने ती जागा मिळवली. तिनेच माझा नंबर शोधून फोन केला की मावशी, तुम्ही यायलाच पाहिजे. मी गेले. पाटी नवी आहे, तिच्यावर खाली अहिल्यानगर लिहिलंय. मला घेऊन आलेल्या रिक्षावाल्याच्या तोंडी अजून नगरच होतं. आत सगळं पांढरं, विजेची भट्टी. जुनी भट्टी तशीच ठेवून तिच्यापुढे काच लावली आहे. लोक तिथे फोटो काढत होते. तुझ्या वेळची गिऱ्हाइकं आली होती, एकमेकांना ओळखून गळ्यात पडत होती. एक म्हातारे गृहस्थ काचेला हात लावून चक्क रडले. मी त्यांच्या शेजारी उभी होते. तुझं टेबल कुठे होतं ते शोधलं. तिथे आता फ्रीज आहे. मला वाटलं होतं, तिथे उभं राहिल्यावर काहीतरी होईल. फ्रीजचा आवाज येत होता.

वैनी अजून आहेत. चाकाच्या खुर्चीत बसवून त्यांना आणलं होतं. नातीने पहिल्या खारीची बशी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "आजी, तीच आहे का?" वैनींनी तुकडा मोडला, बराच वेळ चघळला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिला विचार. हिच्या आईच्या हातची होती ती." सगळी माणसं माझ्याकडे वळली. त्या मुलीने बशी माझ्यापुढे धरली. किती महिने ती तेवढ्यासाठी राबली होती, ते तिने मला फोनवर सांगितलं होतं. मी खारी उचलली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, आये, की तुझ्या हातची अख्खी खारी मी कधी खाल्लीच नाही. तू घरी चुरा आणायचीस. खारीचा, टोस्टचा, नानकटाईचा, सगळा एकाच पुडीत, आणि आपण तो चहात कालवून चमच्याने खायचो. नोकरी लागल्यावर विकत घेता आली असती. घेतली नाही, का ते सांगता येत नाही. मी घास घेतला. खुसखुशीत होती, चांगली होती. "तीच आहे," मी म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. पेशंटच्या नातेवाइकांच्या पाठीवरून फिरवते तसा मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

गर्दी पांगल्यावर वैनींनी मला जवळ बोलावलं. त्यांना आता मोठ्याने बोलवत नाही, म्हणून मी खाली वाकले. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईची खारी कडेला करपलेली असायची. मालक घरी येऊन माझ्यावर चिडायचे. मला तशीच आवडायची, म्हणून मी तिला कधी सांगितलं नाही." मग माझ्या हातावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "पण तू हो म्हणालीस ते बरं केलंस. पोरगी उभी राहील." मी हो म्हटलं. तुझं काम कधी चुकत नव्हतं असं मी आयुष्यभर धरून चालले होते. ती कड करपायची हे ऐकून मला बरं वाटलं असावं. नक्की सांगता येत नाही.

परत येताना चालतच आले. आज सकाळी हे लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं. पूर्वी गावाकडचं पत्र आलं की मी तुला वाचून दाखवायचे, हे मात्र मोठ्याने वाचायचं माझ्याच्याने होणार नाही. कागद गादीखाली सरकवून देईन. एकच राहिलं. काल निघताना, तिथे गेल्यावर रडू येईल, या वेळी तरी येईल, असं धरून मी पर्समध्ये दोन रुमाल ठेवले होते. दोन्ही घडी न मोडता परत आले.