अब्बा, तुमच्या बोटाचं रक्त

अब्बा, तुमची आणि माझी एक तक्रार सारखी आहे. बाहेरचे लोक आपल्याला एका कापावरून ओळखतात, दंग्यात पायजमा उतरवून पाहतात, एरवी त्यावरून शिवी देतात. आणि आपलेच लोकही त्याच कापावर आपलं ईमान मोजतात. सुंतेला नावच 'मुसलमानी' पाडून टाकलंय. जणू नमाज, रोजा, खरं बोलणं, शेजाऱ्याला उपाशी झोपू न देणं यानं कुणी मुसलमान होत नाही, वस्तऱ्यानंच होतो. तुम्ही जुन्या नाशकातले हज्जाम. उभ्या हयातीत किती पोरांची सुंता केलीत, पण ही तक्रार कधी मोठ्यानं बोलला नाहीत. मी आयुष्यभर स्टेजवरून धर्मावर मोठ्यानंच बोललो, फक्त हे सोडून.

तो दिवस आठवतो. मी बावीस-तेवीसचा. अरबी, उर्दू, मराठी, हाताला लागेल ते वाचत होतो आणि वाचलेलं ओठांवर उतू जात होतं. गल्लीतल्या एका विधवेच्या पोराची सुंता आहे. पोराला नवरदेवासारखं सजवलंय, गळ्यात मोगऱ्याचा हार आहे, अंगणात बायका गाताहेत. खोलीत मी पोराला मागून धरून बसलोय. तुम्ही त्याचा गुडघा चाचपता. सुजलेला, निळसर. दारातल्या आईला विचारता, "दात पडला तेव्हा रक्त किती वेळ वाहिलं?" ती म्हणते, "दोन दिवस, चाचा." तुम्ही दार लावून घेता. नेहमीसारखं म्हणता, "वो देख बेटा, सोने की चिड़िया!" पोरगा छताकडे बघतो आणि तुम्ही वस्तरा स्वतःच्या बोटावर ओढता. फडक्यावर रक्त पडतं, ते पाहून पोरगा भोकाड पसरतो, आणि बाहेर "मुबारक, मुबारक" सुरू होतं.

मी दार उघडलं आणि अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं की हे नाटक आहे. माझं पहिलं भाषण तेच, अब्बा. सुंता म्हणजे काय ते मी त्या बायकांना समजावलं. हजरत इब्राहिमांनी उतारवयात स्वतःच्या हातानं केलेली, अल्लाहच्या हुकुमापुढे मान तुकवल्याची ती खूण आहे. ती पाकी, म्हणजे शुद्धता आहे, नबींची सुन्नत, त्यांनी घालून दिलेली रीत आहे, आणि माझा बाप तिची थट्टा करतोय. गाणं थांबलं. तुम्ही बोटाला चिंधी गुंडाळत एवढंच म्हणालात, "किताब तू पढ़ा रे. पोरगा मी बघितला." त्याच दुपारी त्या बाईच्या भावांनी पोराला दुसऱ्या हज्जामाकडे नेलं. तीन दिवस रक्त थांबेना. तुम्ही तिन्ही दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. पोरगा वाचला. तुम्ही मात्र त्यानंतर दाढी-कटिंगपलीकडे कधी वस्तरा उचलला नाहीत. मला एका शब्दानं बोलला नाहीत, आणि ती मला माझी जीत वाटली.

पुढं वाचत गेलो तसं कळत गेलं. कुराणात सुंतेचा स्पष्ट हुकूमच नाही, ती हदीसमधून, नबींच्या वचनांतून येते. कुणी तिला सक्तीची मानतात, कुणी सुन्नत. पण जिवावर बेतत असेल तर थांबावं, याला आलिमांची, धर्माच्या जाणकारांची, मोकळीक आहे. धर्मानं ठेवलेली ही जागा तुम्ही चौथी शिकलेल्या डोक्यानं आणि हातानं ओळखली होती. मला ती पुस्तकात सापडली, तरी स्टेजवर मी ती कधी सांगितली नाही. वाक्यात 'पण' आला की टाळ्या पडत नाहीत, अब्बा.

आता माझ्या मुलीचा मुलगा चार वर्षांचा आहे, येवल्यात. जरा कुठं आपटला की गुडघा फुगतो. डॉक्टर म्हणाले, याचं रक्त गोठत नाही. मोठ्या दवाखान्यात, तयारीनिशीच पुढं कधीतरी बघू, आत्ता ब्लेड लावायचं नाही. रविवारी व्याही आले, मुलगी मागं उभी. व्याही म्हणाले, "थोडा खून तो सबका निकलता है, भाईजान. शुक्रवारी मोहल्ल्यात एकदम वीस पोरांची आहे, त्यातच उरकू." मुलगी म्हणाली, "अब्बू, तुम्ही सांगा ना यांना. तुमचं ऐकतील." मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मोबाइल पुढं केला. माझंच भाषण. गच्च भरलेलं मैदान, आणि मी गरजतोय, की जो सुन्नतीला बहाणे शोधतो तो इब्राहिमांच्या घरातला नाही. "ये आपकीच आवाज है ना?" ते हसून म्हणाले. वाईट माणूस नाही तो. नातवावर त्याचाही जीव आहे. लोक पोराला अर्धा मुसलमान म्हणतील याची त्याला भीती आहे, आणि ती भीती मीच माईकवरून वाटत फिरलोय. माझ्याकडे दलील होती, किताबं होती, पानंसुद्धा पाठ होती. मी म्हणालो, "बघू, चार जाणत्यांशी मशवरा करू." मुलगी कप उचलून आत गेली.

आज बुधवार आहे. सकाळपासून तिचे चार फोन आले. मी सभेत असेन असं तिला वाटत असेल. मी घरीच आहे, फोन समोर ठेवून हे लिहितोय, जे कुठल्याही टपालात पडणार नाही. शुक्रवारी, नमाजनंतर, त्याला नेणार आहेत. अब्बा, एकदाच कबरीतून उठा, येवल्याला जा आणि त्यांना नाही म्हणा. माझ्याच्यानं होत नाही.