धाकट्याच्या केसांची मशीन

अण्णा, मी केस कापायची मशीन घेतली. विजेवरची. तुम्ही असतात तर आधी ती नाकाशी नेऊन वास घेतला असता, मग माझ्याकडं बघून विचारलं असतं, "कुणी गळ्यात मारली?" म्हणून आधीच सांगतो, कुणी मारली नाही. आष्टीला जाऊन तीन दुकानं पालथी घातली आणि मगच घेतली. तुमचाच मुलगा आहे मी. दुसऱ्याच्या घरचा चहा तुम्ही वास घेतल्याशिवाय कधी प्यायला नाहीत. बाजारात मेंढराचे दात बघून झाल्यावरही त्याला तासभर उन्हात उभं करून निरखायचात, आणि विकणारा कावून निघून जायचा. तेव्हा मला वाटायचं, मोठा झालो की मी असा होणार नाही. आता शाळेवर मास्तर आहे, मुलांना विश्वासावर चार चांगल्या गोष्टी सांगतो, आणि दुकानदारानं नवं खोकं पुढं केलं की आधी ते उलटं करून तळ बघतो.

मशीन घेतली ती आपल्या धाकट्यासाठी, माझ्या भावासाठी. तुम्ही गेलात तेव्हा तो तिशीत होता, आता पन्नाशीला टेकलाय. बोलणं अजून तेवढंच, दिवसाला पाच-सात शब्द, त्यातले निम्मे 'न्हाई'. तुमच्यानंतर त्याचे केस आई कापायची, डोकं मांडीवर घेऊन, घरातल्याच कात्रीनं. आई जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून त्यानं डोक्याला कुणाला हात लावू दिलेला नाही. न्हाव्याला घरी बोलावलं तर शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. या उन्हाळ्यात केसांखाली गळवं उठली, फुटली, चिघळली. कडा गावच्या डॉक्टरांनी लांबूनच बघितलं, कारण जवळ त्यांनाही येऊ दिलं नाही. म्हणाले, "केस काढल्याबिगर औषध लागणार न्हाई, सर. पंधरा दिवसांत घरीच काढा. न्हाई जमलं तर इथं चार माणसं धरून काढावं लागंल." चार माणसं धरून. मला ते ऐकवलं नाही. बाकीचे सगळे मेंढराचे पाय बांधून लोकर कातरायचे, पण तुम्ही कधी बांधले नाहीत. मांडीवर मान घ्यायचात, कानाशी काहीतरी पुटपुटायचात, आणि मेंढरू पडून राहायचं.

तो मला का जवळ येऊ देत नाही, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे. मी अकरा वर्षांचा आहे, तो नऊ. कातरणीचे दिवस आहेत. आदल्या दिवशी ओढ्यात धुतलेली मेंढरं आता कोरडी होऊन बसलीत. तुम्ही लोकरीच्या व्यापाऱ्याशी बोलत बांधापर्यंत गेलाय. धाकटा मेंढरासारखं माझ्या मांडीवर डोकं टाकतो आणि म्हणतो, "मला बी." मी तुमची कातर उचलतो. मग त्याची किंकाळी, माझ्या चड्डीवर रक्त, आणि तुम्ही धावत येताय. तुम्ही हळद दाबलीत, त्याला उचललंत. मला मारलं नाहीत. नुसतं विचारलंत, "हात घसरला का रं? खरं सांग." मी म्हणालो, "घसरला." तुम्ही माझ्याकडं बराच वेळ बघितलंत. दुसऱ्या दिवसापासून कातर आढ्याला टांगलेली, माझा हात पोचणार नाही इतकी उंच. धाकट्याच्या उजव्या कानाचा वरचा काठ गेला तो गेलाच, आणि पुढं तुम्ही होतात तोवर त्याचे केस तुमच्याशिवाय कुणी कापले नाहीत. पुढं चाळीस वर्षं मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत आलो. पोटच्या पोरावर संशय घेणारा बाप, असं किती वेळा म्हणालो असेन. तुम्हाला ऐकू गेलं नसेल अशी आशा आहे.

तर मशीन. खोक्यावर दाढी कोरलेल्या एका परदेशी माणसाचा फोटो होता. त्याचे केस या मशीननं कापले असतील यावर माझा काडीचा विश्वास नाही. बॅटरीवरच्या मशीनचं दुकानदारानं लई कौतुक केलं. मी विचारलं, अर्ध्या डोक्यात बॅटरी उतरली आणि केस दातांत अडकले तर? त्यानं ती परत खोक्यात घातली. म्हणून वायरची घेतली, जोर एकसारखा राहतो. वीज असेल तेव्हा कापू, घाई कुणाला आहे. पात्याला दोन रांगा असतात, खालची स्थिर, वरची हलती. वरचे दात खालच्यांपेक्षा केसभर मागं पाहिजेत, नाहीतर कातडी धरतात. मी चष्मा काढून, पातं डोळ्यांशी नेऊन बघितलं. एका मशीनचे दात पुढं होते, ती परत केली. दुसरी फार खडखडायची, धाकटा आवाजानंच पळाला असता. तिसरी चालू करून हातात धरून बसलो, पातं किती तापतं ते बघायला. पातं बदलून मिळतं का विचारलं. मिळतं म्हणाला. मी म्हणालो, दाखव. तो बिचारा आत जाऊन शोधून घेऊन आला आणि म्हणाला, "सर, मशीन घ्यायची हाय का सोयरीक जुळवायची हाय?" दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, पण पात्याचं पाकीट उघडून बघितल्याशिवाय उठलो नाही.

इतकं सगळं तपासलं आणि घरी येऊन माती खाल्ली. खोक्यात तेलाची एक इवलीशी बाटली होती. वर नाव नाही, गाव नाही. पाण्यासारखं पातळ, वासही नाही. ज्याला वासच नाही त्यावर तुमच्या मुलानं विश्वास कसा ठेवायचा? त्यात हे तेल त्या उघड्या गळवांना लागणार. मी ती बाटली गटारीत ओतली. तुम्ही कातरीला करडईचं तेल लावायचात हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. घरात घाण्याचं करडईचं तेल होतंच. पात्यांवर चांगलं सढळ हातानं सोडलं, मशीन फडक्यात गुंडाळली आणि आठ दिवसांनी, रविवारी, बाहेर काढली. त्या आठ दिवसांत धाकट्याला गूळ-शेंगदाणे चारून, लाडीगोडी लावून कसाबसा अंगणातल्या स्टुलावर बसण्याइतका तयार केला होता. मशीन चालू केली तर ती घशात काही अडकल्यासारखी घरघरली. मानेवर टेकवली आणि तिनं केस कापले नाहीत, धरले आणि उपटले. धाकटा ओरडला. त्यानं माझ्याकडं कसं बघितलं ते लिहीत नाही. स्टूल पाडून तो गोठ्यात गेला, आणि डॉक्टरांनी दिलेल्या पंधरा दिवसांतला आठवडाच हाती उरला.

मला वाटलं, दुकानदारानं फसवलं. जुनी मशीन घासून-पुसून नव्या खोक्यात घातली असणार. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून तावातावानं आष्टी गाठली, खोकं त्याच्यापुढं आपटलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर बोलायचं नाही ते बोललो. त्यानं शांतपणे दोन स्क्रू काढले, पातं उचललं, नाकाशी नेलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "सर, ह्याच्यात भजी तळली का काय?" करडईचं तेल वाळून पात्यांवर डिंकासारखं बसलं होतं, पिवळं आणि चिकट. माझी मान खाली गेली. तुम्ही तेल लावायचात ते मी बघितलं होतं, पण संध्याकाळी कातर कोरडी पुसून, दगडावर घासून मगच ठेवायचात, ते विसरलो होतो. अर्धंच शिकलो होतो आणि त्या अर्ध्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवला. त्या दुकानदारानं रॉकेलमध्ये बुडवून ब्रशनं दात न् दात साफ केले, पातं परत बसवताना दात मागंपुढं कसे बघायचे ते दाखवलं, नवी बाटली दिली. "दोन थेंब. मशीन जरा चालू द्यायची आन् मंग पुसून घ्यायचं. केस काढले की दर टायमाला ब्रश. लई लाड करू नका तिचे." तो सांगत होता तेव्हाही माझं लक्ष त्याच्या हातांवरच होतं, पातं बदलत तर नाही ना म्हणून. खोड जात नाही.

धाकटा आता स्टुलाच्या आसपासही फिरकेना. मी रोज शाळेतून आलो की अंगणात बसून मशीन नुसती चालू ठेवायचो, कुणाला न लावता. शनिवारी तो गोठ्याच्या दारापर्यंत आला. रविवारी सकाळी मी ती माझ्या हातावर फिरवली, तुम्ही कातरीची धार बघायला फिरवायचात तशी. त्यानं बघितलं आणि माझ्या डोक्याकडं बोट केलं. "आदी तुजं." मी कानावरचे थोडे कापले. "न्हाई. समदं." मग काय, आरशाशिवाय, हाताला येईल तसं सगळं डोकं उतरवलं. तो शेळीच्या गळ्यात हात टाकून हसत होता. आई गेल्यानंतर त्याला असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि मला हसू आणि रडू दोन्ही एकदमच आलं. सोमवारी शाळेत शिपायानं मला बघितलं, चेहरा पाडला आणि हळूच विचारलं, "सर, घरात कोण गेलं?" मी म्हणालो, कुणी नाही. त्याला ते पटलं नाही, दुपारपर्यंत तो माझ्याशी दबक्या आवाजातच बोलत होता.

पण रविवारचं राहिलं. तो येऊन स्टुलावर बसला. मी मागून सुरुवात केली, हळूहळू, गळवांना चुकवत, दर चार-पाच फेऱ्यांनी पातं स्वतःच्या गालाला लावून तापलं का बघत. डाव्या बाजूनं वर आलो, टाळू झाली आणि उजव्या कानापाशी येऊन थांबलो. अर्धा काठ नसलेला तो कान. माझा हात पुढं जाईना. मशीन हातात गुरगुरत होती. मनात आलं, एवढे केस राहू द्यावेत, कोण बघतंय. तेवढ्यात धाकट्यानं हात वर केला, स्वतःच्या बोटानं तो कान खाली दुमडून धरला, मला वाट करून दिली, आणि डोळे मिटून घेतले. मी कापलं. कुठं ओरखडासुद्धा नाही, अण्णा.

डॉक्टर म्हणतात, गळवं भरून येतील. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, त्याला तर नाहीच. त्या दिवशी कातरणीआधी तुम्ही त्याला खांद्यावर बसवून बाजार दाखवून आणला होता आणि मला मेंढरांपाशी ठेवलं होतं. मी सकाळपासून धुमसत होतो. तुम्ही विचारलंत तेव्हा मी घसरला म्हणालो. घसरला नव्हता.