कॅम्पातली पहिली मशीद

बाबा, तुम्ही शोधत होतात ती जागा मला गेल्या गुरुवारी सापडली. तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली. हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे.

संत तुकाराम नगरच्या घरात शुक्रवारी संध्याकाळी भिजवलेल्या मनुकांचं शरबत गाळताना तुम्ही सांगायचात, की पुण्याच्या कॅम्पातली आताची मोठी मशीद ही आपली पहिली नव्हे. आपण बेने इस्राएल. प्रार्थनेच्या जागेला आपल्या घरात सिनेगॉग कुणी म्हणत नसे, मशीदच म्हणत. तुमचे पणजोबा इंग्रजांच्या पलटणीत होते आणि पलटणीतल्या आपल्या लोकांनी आधी एक घर भाड्यानं घेऊन तिथं प्रार्थना सुरू केली होती. ते घर दोन विहिरींच्या मध्ये कुठंतरी होतं, यापलीकडं कुणालाच काही माहीत नव्हतं. मी बारा वर्षांची असताना तुम्ही मला शोधायला घेऊन गेलात. तुम्ही प्रत्येक दुकानात विचारताय, "इथं जुनी मशीद कुठं होती?" आणि प्रत्येक जण मुसलमानांच्या मशिदीकडं बोट दाखवतोय. चौथ्या दुकानात लोक हसले आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, मशीद म्हणू नका ना." परतीच्या गाडीत, पिंपरी यायच्या जरा आधी, एवढंच म्हणालात, "माझी लाज वाटली तर वाटू दे. शब्दाची नको." त्यानंतर तुम्ही एकटेच जात राहिलात. कंपनीत ड्राफ्ट्समन होतात, त्यामुळं प्रत्येक फेरीनंतर पेन्सिलीनं गल्ल्यांचा नकाशा काढायचात.

ते नकाशे आणि त्यांच्यासोबतचा, तुम्हाला कधी वाचता न आलेला एक मोडीतला कागद मी इतकी वर्षं कपाटावर ठेवला होता. यंदा आपल्या मंडळींमधल्या एका ज्येष्ठ काकांचा फोन आला. पहिल्या मशिदीच्या जागी दगडी पाटी लावायची, पेपरवाल्यांना बोलवायचं, असं त्यांच्या मनात होतं. "तुझ्या बाबांनी फार शोधलं होतं, काही राहिलंय का बघ," म्हणाले. मी कागद आळंदीतल्या एका निवृत्त मास्तरांकडून वाचून घेतला. तो घराचा भाडेपट्टा होता. दोन विहिरींमधला बोळ, सुतारांच्या घरांची पाठ, आणि पुढं स्पष्ट शब्दांत, 'मशिदीकामी घेतलेले घर'. तुमच्या नकाशात तो बोळ होता. तुम्ही त्याच्या तोंडापर्यंत पोचून परत फिरला होतात, कारण दुसरी विहीर तेव्हाच बुजवलेली होती.

गुरुवारी चाकणच्या आमच्या कंपनीला सुट्टी असते. सकाळी अकराला मी त्या बोळात शिरले. ते घर म्हणजे आता स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज आहे. साठीचे एक मुसलमान मेकॅनिक खाली बसून चाक काढत होते. मी सरळ विचारलं, "चाचा, इथं पूर्वी मशीद होती का?"

त्यांच्या हातातला पाना तिथंच थांबला. "कुणी पाठवलं तुम्हाला?"

मला काही कळेना. तेवढ्यात समोरच्या चहाच्या टपरीवरून दोन तरुण उठून आले. त्यातल्या एकानं मोबाइल माझ्याकडं धरला होता. "काय म्हणाल्या मॅडम? मशीद होती? परत बोला. कागद आहे का काही?"

कागद माझ्या पिशवीत होता. मोडीत असला तरी मास्तरांनी त्याच्या खाली बाळबोध अक्षरांत सगळं उतरवून दिलं होतं. मी मेकॅनिकच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघतच नव्हते, त्यांची नजर त्या मोबाइलवर होती. तो शब्द आज या बोळात कुणाच्या अंगावर जाणार, हे मला तेव्हा समजलं.

"मशीद नाही, मशीन," मी म्हणाले. "शिलाई मशीनचं दुकान होतं इथं. माझी आई काम करायची."

"इथं कधीच नव्हतं ते," मोबाइलवाला म्हणाला.

"मग माझीच गल्ली चुकली असेल," मी म्हणाले आणि तिथंच स्टुलावर बसले. ते दोघं बराच वेळ उभे राहिले. मेकॅनिक चाक बसवत राहिले. शेवटी ते दोघं निघून गेले.

मग चाचांनी पाणी दिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आता खरं सांगा, ताई."

मी सांगितलं. आम्ही ज्यू, आमच्यात मशीदच म्हणतात. त्यांनी कागद नीट वाचला, मग मला आत नेऊन टायरच्या रॅकमागची प्लायवूडची फळी बाजूला केली. पश्चिमेच्या भिंतीत कमानीचा उंच कोनाडा होता. आपल्या धर्मग्रंथाच्या, तोराच्या, गुंडाळ्या ठेवायचे तो.

"वडलांनी झाकला होता," ते म्हणाले. "प्रार्थनेला तुमचंही तोंड पश्चिमेला, आमचंही. कुणी बघितलं आणि आमचीच मशीद समजलं तर मी काय सांगू, आणि ऐकणार कोण? घरमालक तर आम्हाला काढायला कधीपासून निमित्त शोधतोय. तुम्ही पाटी लावाल, फोटो काढाल आणि घरी जाल. आम्ही इथंच राहणार."

"पण पाटीवर ज्यू लोकांची असंच लिहू."

"तेवढं वाचेपर्यंत थांबतं का कुणी?"

मी कोनाड्यात हात घातला. चुना गार होता. चाचा बाहेर जाऊन दाराशी पाठ करून उभे राहिले, मी आत असेपर्यंत.

संध्याकाळी काकांना फोन करून सांगितलं, की कागद वाचता येण्यासारखा राहिला नाही, जागा सापडली नाही. ते बिचारे हळहळले. "तुझ्या बाबांचं राहूनच गेलं," म्हणाले. मी हो म्हणाले.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही आणि उद्या फाडूनही टाकीन, कारण यात तो बोळ आहे. चाचांसाठी मी खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगते आणि ते बरंचसं खरं आहे. पण फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं, बाबा. ती जागा आपल्यातल्या फक्त मला ठाऊक आहे, याचं.