तिळाच्या तेलावर उभे राहिलेले पाय

आई, परवा मी आबांना पाठीवर घेऊन कळव्याच्या खाडीतला चिखल तुडवला. तू गेल्याला इतकी वर्षं झाली की माझ्या मुलांना तू फक्त माझ्या बोलण्यातून माहीत आहेस. पण ही बातमी खरं तर तुझीच आहे. म्हणून आज शाळेला सुट्टी आणि घरची सगळी बाहेर गेलेली पाहून, ठाण्याच्या या घरात लिहायला बसलो आहे.

कल्याणचं ते वर्ष तुला सांगायला नको, तरी मला आठवू दे. माझी मुंज होऊन थोडेच दिवस झाले होते. तापाबरोबर आधी गुडघे, मग घोटे, मग मनगटं सुजत गेली. अंगावरचं पांघरूणसुद्धा सोसत नसे. वैद्यबुवांनी कडक पथ्य घातलं. पेज, मुगाचं पाणी, आणि तेलतूप वर्ज्य. ताप उतरला, सूजही ओसरली, पण पथ्य काही सुटेना, कारण आबांना ते सोडायची धास्ती. त्यांचा धाकटा भाऊ तापातून उठता उठता तळलेलं खाल्ल्यामुळे दगावला, असं आपल्या घरात सगळेच मानत. इकडे माझ्या मांड्या दंडाएवढ्या झाल्या. उभं करायला गेलं की पाय घडी पडल्यासारखे दुमडत. तू मला उचलून न्हाणीत न्यायचीस, आणि मी किती हलका लागतो ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तोंड फिरवायचीस. मला ते कळत असे.

ते स्वयंपाकघर अजून डोळ्यांसमोर आहे. आबा पाटावर बसले आहेत, मी भिंतीला टेकून. तू माझ्या मऊ भातावर पळीने तिळाचं तेल घालतेस आणि आबांचा घास हातातच राहतो.

"हे काय चाललंय?"

"तेल घालतेय. ताजं आहे, स्वतः घाण्यावर जाऊन आणलंय. वैद्यबुवांना विचारलंय मी. थोडं थोडं सुरू करा म्हणाले."

"आणि सूज उलटली म्हणजे?"

"सूज गेली कधीच. तिच्यामागून पोर चाललंय, ते दिसत नाही का तुम्हाला?"

आबांशी त्या आवाजात बोलताना तुला मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ते भरल्या ताटावरून उठले. तू त्यांच्याकडे पाहिलंही नाहीस. भात कालवलास, घास माझ्या तोंडाशी आणलास आणि म्हणालीस, "गीळ." मी गिळला. इतक्या महिन्यांनी जिभेला काहीतरी लागलं होतं.

पुढे काही दिवसांनी माझा उजवा गुडघा पुन्हा सुजला, तेव्हा मात्र तूही पांढरीफटक पडलीस. "झालं समाधान?" एवढंच आबा म्हणाले आणि स्वतःच वैद्यबुवांना आणायला धावले. वैद्यबुवांनी गुडघा चाचपला, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, "काल काय केलंस रे?" मी सांगितलं, दाराची चौकट धरून उभा राहिलो होतो. बराच वेळ. ते मोठ्यांदा हसले. "अहो, ही रोगाची सूज नव्हे. ताप नाही, बाकीचे सांधे मोकळे आहेत. पोरगा उभा राहिलाय! तेल चालू ठेवा, खवट मात्र नको. पण नुसत्या तेलानं मांस भरत नाही हो, वरण द्या, दूध द्या, आणि रोज थोडं चालवा." दुसऱ्या दिवशी तेलाचा बुधला घेऊन घाण्यावर आबाच गेले.

मग तू मला अंगणापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग तळ्यापर्यंत चालवलंस. रोज मांडीला चिमटा काढून बघायचीस आणि चिमटीत काही आलं की पोरीसारखी हसायचीस. तळ्याभोवती मी धावलो तो दिवस तू पाहिलास. मास्तर झालेला पाहायला मात्र थांबली नाहीस. पटकीच्या साथीत दोन दिवसांत आटोपलं सगळं.

आता परवाचं ऐक. ताईच्या मुलीचं कळव्याला लग्न, गोरज मुहूर्त. बाकीची मंडळी सकाळीच गेली होती. मी आणि आबा मागून होडीने निघालो, तर ओहोटी लागली आणि पलीकडचा काठ समोर दिसत असताना होडी गाळात बसली. नावाडी म्हणाला, "मास्तर, पानी फिरल्याबिगर होरी हलाची नाय." ऊन उतरत होतं. आबा काठाकडे बघत राहिले आणि लहान मुलासारखे म्हणाले, "नातीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या राहणार रे माझ्या." मी धोतर खोचलं आणि त्यांच्यापुढे पाठ करून वाकलो. "वेडा झालास? बुडशील!" म्हणत होते, पण बसले.

गाळ गुडघ्याच्या वर होता. एक पाय उपसावा तेव्हा दुसरा रुतायचा. मांड्या पेटल्या होत्या, पण थरथरल्या नाहीत, आई. एकदाही नाहीत. अर्ध्या वाटेत आबा माझ्या कानाशी म्हणाले, "त्या दिवशी ताटावरून उठलो, तर तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही." आणि मग, "बरोबर होती ती." इतक्या वर्षांत हे त्यांच्या तोंडून प्रथमच आलं. आणि मांडवात पोहोचल्यावर चिखलाने भरलेला मी बाजूला उभा असताना, त्यांनी व्याह्यांपासून भटजींपर्यंत सगळ्यांना सांगितलं, "हे पाय नवरीच्या आजीनं उभे केलेत, माझा विरोध असताना!" ताई ओठ दाबून रडत होती आणि हसतही होती. अक्षता वेळेवर पडल्या.

हा कागद कुठेच जायचा नाही, तेव्हा एक सांगून टाकतो. डाव्या हाताला कमी गाळाची वाट होती. नावाड्याने ओरडून ती दाखवलीही होती. मी मुद्दाम समोरून गेलो, कारण समोरच्या काठावर सगळं वऱ्हाड उभं होतं.